हातात मावणारे ओएई यंत्र: अठरा महिन्यांच्या वापरानंतरचे मत

बाळ जन्मल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ते दूध पिऊन गाढ झोपलेले असताना त्याच्या कानात मऊ रबरी टोक बसवायचे, बटण दाबायचे आणि पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ (म्हणजे पुन्हा तपासा) उमटण्याची वाट पाहायची, एवढेच ज्याचे काम बाहेरून दिसते, अशा ओएई (ओटोअकूस्टिक एमिशन, म्हणजे कानातून परत येणारा मंद आवाज) मोजणाऱ्या यंत्राचे हे परीक्षण आहे. मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी ऑडिओलॉजिस्ट म्हणून काम करते. तीन प्रसूतिगृहांत आठवड्यातून ठरावीक दिवशी जाऊन नवजात बाळांची श्रवण-चाचणी करणे आणि उरलेल्या वेळेत स्वतःच्या दवाखान्यात मोठ्यांची तपासणी करणे, असा माझा दिनक्रम आहे. दीड वर्षापूर्वी दोन-अडीच लाखांच्या घरातले हे यंत्र मी स्वतःच्या पैशांनी घेतले. निर्मात्याचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्यांतल्या बहुतेक या वर्गातल्या कुठल्याही यंत्राला विचारण्याजोग्या आहेत. विक्रेता प्रात्यक्षिकात रंगीत पडदा आणि बॅटरी दाखवतो. मला मात्र हे यंत्र गोंगाटातून कानाचा आवाज वेगळा कसा काढते, यावरच त्याची किंमत ठरवावीशी वाटते आणि हे परीक्षणही त्याच अंगाने लिहिले आहे.

निरोगी कान आवाज नुसता ऐकत नाही, तो स्वतःही अगदी मंद आवाज करतो. आंतरकर्णातल्या शंखासारख्या कॉक्लियामध्ये बाह्य केशपेशींच्या ओळी असतात. आवाज आला की या पेशी लांबी बदलून थरथरतात आणि आलेल्या कंपनाला जोर देतात. या खटाटोपातली थोडी ऊर्जा उलट वाटेने मध्यकर्णातून कानाच्या पडद्यापर्यंत येते आणि कानाच्या नळीत बसवलेला संवेदनशील मायक्रोफोन ती पकडू शकतो. कॉक्लियात असे काही सक्रिय यंत्र असले पाहिजे, हा तर्क थॉमस गोल्ड यांनी 1948 साली मांडला होता, परंतु त्याला तीस वर्षे कोणी फारसे मनावर घेतले नाही. लंडनमध्ये डेव्हिड केम्प यांनी हा परतीचा आवाज प्रत्यक्ष मोजला आणि 1978 साली प्रसिद्ध केला. पुढे 1985 साली विल्यम ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाह्य केशपेशी विजेच्या प्रभावाने खरोखरच आखूड-लांब होतात हे दाखवले आणि आवाजाचा उगम कुठला हेही कळले. बाहेर येणारा आवाज किती मंद असतो, तर आपण कानात 65 डेसिबलचा स्वर सोडावा आणि परतीला 5 ते 10 डेसिबल मिळावेत. बाळाचा श्वास, चोखण्याची हालचाल, वॉर्डातला पंखा, शेजारच्या खाटेवरचा मोबाइल हे सगळे त्याहून कितीतरी मोठे असतात. त्यामुळे ओएई चाचणीत कानापेक्षा गणिताची परीक्षा अधिक होते, असे म्हटले तर ते फार चूक ठरणार नाही.

यंत्राच्या बाह्य रूपाबद्दल थोडक्यात सांगायचे तर वजन हाताला जाणवत नाही, बॅटरी दिवसभर पुरते आणि प्रोबची, म्हणजे कानात बसवायच्या भागाची, वायर पुरेशी लांब आहे. प्रोबच्या टोकाची नळी बदलता येते, हे फार सोयीचे आहे, कारण नवजात बाळाच्या कानातला पांढरा चिकट थर तिच्यात हमखास अडकतो. जन्मानंतरच्या पहिल्या चोवीस तासांत चाचणी केली की ‘रेफर’ जास्त येतात, त्याचे मोठे कारण हाच थर आणि मध्यकर्णातले पाणी हे आहे. त्यात यंत्राचा काहीही दोष नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. या यंत्रात दोन प्रकारच्या चाचण्या आहेत. डीपीओएई या पहिल्या प्रकारात कानात एकाच वेळी दोन स्वर सोडले जातात. दुसऱ्याची वारंवारता पहिल्याच्या सुमारे 1.22 पट असते आणि पातळ्या 65 व 55 डेसिबल असतात. केशपेशी या दोन स्वरांना साध्या बेरजेने प्रतिसाद देत नाहीत, म्हणून मुळात नसलेले नवे स्वर तयार होतात. त्यांतला सर्वांत ठळक स्वर पहिल्या वारंवारतेच्या दुपटीतून दुसरी वजा केली की मिळतो. यंत्र घेतल्यावर पहिल्याच आठवड्यात छापील अहवालातली एक गोष्ट मला खटकली. मी 2000, 3000, 4000, 5000 आणि 6000 हर्ट्झ निवडले होते आणि कागदावर मात्र 2004, 3000, 3996, 5004 आणि 6000 असे आकडे होते. विक्रेत्याच्या माणसाला विचारले तेव्हा “मॅडम, तेवढा फरक चालतो,” असे उत्तर मिळाले. फरक चालतो हे खरे, पण तो का ठेवला आहे हे कळल्यावर यंत्राबद्दलचा माझा आदर वाढला.

माहितीपुस्तिकेनुसार हे यंत्र सेकंदाला 48000 नमुने घेते आणि 4096 नमुन्यांच्या एका तुकड्यावर एफएफटी, म्हणजे आवाजातल्या वारंवारता वेगळ्या काढणारे गणित, चालवते. म्हणजे वारंवारतेचा अक्ष 11.72 हर्ट्झच्या कप्प्यांत विभागला जातो. 3000 हर्ट्झ बरोबर 256व्या कप्प्यात आणि 6000 हर्ट्झ 512व्या कप्प्यात बसतात. 4000 मात्र 341 आणि 342 यांच्या मध्ये पडतात. म्हणून यंत्र दुसऱ्या स्वरासाठी 341वा कप्पा निवडते आणि तिथे 3996 हर्ट्झ येतात. पहिला स्वर 280व्या कप्प्यात, म्हणजे 3281 हर्ट्झवर ठेवला जातो. दोघांचे गुणोत्तर 1.218 येते आणि कानाचा स्वर 219व्या कप्प्यात नेमका सापडतो. हे केले नाही तर काय होते, याचा हिशेब वहीत मांडता येतो. स्वर कप्प्याच्या मध्यापासून अर्धा कप्पा सरकला की त्याची ऊर्जा दोन्ही बाजूंना दूरपर्यंत पाझरते आणि साठ कप्पे पलीकडेही ती मूळ पातळीच्या खाली सुमारे 46 डेसिबलच राहते. 65 मधून 46 गेले की 19 उरतात, आणि कानाचा 5 डेसिबलचा स्वर या 19 डेसिबलच्या पाझराखाली गाडला जातो. ही गळती थोपवण्यासाठी तुकड्याच्या दोन्ही टोकांना उतार देणारी ‘विंडो’ लावता येते, परंतु त्यामुळे प्रत्येक शिखर रुंदावते आणि आजूबाजूच्या कप्प्यांतून गोंगाट मोजण्याचे काम अवघड होते. स्वरच कप्प्यात बसवण्याचा मार्ग अधिक स्वच्छ आहे आणि या यंत्राने तो घेतला आहे. अहवालावर ‘4000’ असे गोल आकडे छापून हे झाकता आले असते, तसे केले नाही याबद्दल निर्मात्याचे कौतुक केले पाहिजे.

गोंगाट कमी करण्याची दुसरी पायरी सरासरीची आहे. कानाचा स्वर प्रत्येक तुकड्यात सारखाच येतो आणि गोंगाट दर वेळी वेगळा, म्हणून तुकडे एकावर एक रचत गेले की स्वर टिकतो आणि गोंगाट एकमेकांत विरत जातो. तुकड्यांची संख्या दुप्पट केली की 3 डेसिबलचा फायदा होतो आणि चौपट केली की 6 डेसिबलचा. एक तुकडा 85 मिलिसेकंदांचा असल्याने चार सेकंदांत साधारण 47 तुकडे होतात आणि 6 डेसिबल आणखी हवे असतील तर सोळा सेकंद थांबावे लागते. झोपेत चाळवणाऱ्या बाळाच्या बाबतीत हे सोळा सेकंद फार मोठे असतात. त्यातच एखादा तुकडा बिघडला तर काय होते हे पाहण्यासारखे आहे. शंभर तुकड्यांपैकी नव्व्याण्णव शांत असावेत आणि बाळाने एकदाच आवंढा गिळल्यामुळे एका तुकड्यातला गोंगाट दहापट व्हावा, तर अंतिम सरासरीतला गोंगाट 3 डेसिबलने वाढतो. म्हणजे एका आवंढ्याने अर्ध्या वेळेची मेहनत पाण्यात जाते. म्हणून बिघडलेले तुकडे वगळणे भाग असते.

वगळण्याच्या बाबतीत मात्र हे यंत्र मला जुनाट वाटले. त्यात कमी, मध्यम आणि जास्त अशा तीनच ठरावीक मर्यादा आहेत. मर्यादेच्या वर गेलेला तुकडा सरसकट फेकला जातो आणि खाली राहिलेला सरसकट स्वीकारला जातो. शांत खोलीत हे ठीक चालते. आमच्या एका प्रसूतिगृहात चाचणीसाठी मिळणारी जागा लसीकरणाच्या खोलीशेजारी आहे, आणि तिथे ‘कमी’वर ठेवले तर सगळेच तुकडे फेकले जाऊन चाचणी किती झाली हे दाखवणारी पट्टी जागची हलत नाही, ‘जास्त’वर ठेवले तर पट्टी भराभर पुढे सरकते आणि निकाल निरुपयोगी ठरतो. यापेक्षा चांगली रीत फार जुनी आहे. प्रत्येक तुकड्याला त्यातल्या गोंगाटाच्या व्यस्त प्रमाणात वजन देऊन सरासरी काढली की कोणताच तुकडा पूर्ण फेकावा लागत नाही आणि वाईट तुकडा आपोआप दुबळा होतो. मेंदूच्या श्रवण-प्रतिसादाच्या म्हणजे एबीआरच्या यंत्रांत ही पद्धत 1980च्या दशकापासून माहीत आहे. हातातल्या यंत्राच्या प्रोसेसरला हे गणित जड जाण्याचे काही कारण नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार यंत्र कधी थांबते याबद्दल आहे. मूळ सेटिंगमध्ये कानाच्या स्वराचा कप्पा शेजारच्या कप्प्यांच्या सरासरीपेक्षा 6 डेसिबलने वर गेला की त्या वारंवारतेसमोर बरोबरची खूण येते आणि यंत्र पुढे सरकते. या सेटिंगमध्ये चारच वारंवारता तपासल्या जातात आणि त्यांपैकी तीन खुणा झाल्या की ‘पास’. वरवर पाहता 6 डेसिबल म्हणजे चौपट ऊर्जा, तेव्हा निकष कडक वाटतो. पण कानच नसेल आणि निव्वळ गोंगाट असेल, तरीही एखादा कप्पा योगायोगाने वर उसळतो. गोंगाटाची पातळी शेजारच्या सहा कप्प्यांवरून काढली तर एका तपासणीत असा योगायोग घडण्याची शक्यता सुमारे 4.7 टक्के निघते. चारपैकी तीन वारंवारता एकाच वेळी अशा फसवण्याची शक्यता दहा हजारांत चार इतकीच राहते आणि निकषाचा खरा आधार हाच आहे. अडचण अशी की हे यंत्र एकदाच तपासत नाही. ते दर थोड्या वेळाने डोकावून पाहते आणि पहिल्यांदा 6 डेसिबल दिसले की तिथेच समाधान मानते. नाणे उडवत राहायचे आणि छापा पडला की खेळ संपवायचा, अशातला हा प्रकार झाला. वर ‘रेफर’ आले म्हणून परिचारिकेने तीच चाचणी चार-पाच वेळा केली की योगायोगाला आणखी वाव मिळतो.

हे पडताळण्यासाठी मी 2 मिलीची इंजेक्शनची सिरिंज मधोमध कापली, दट्ट्या आत ढकलून कानाच्या नळीएवढी पोकळी ठेवली आणि उघड्या बाजूने प्रोब घट्ट बसवला. प्लास्टिकला केशपेशी नसतात, तेव्हा प्रत्येक निकाल ‘रेफर’ यायला हवा. दुपारच्या निवांत वेळी मी पन्नास वेळा चाचणी चालवली. पूर्ण ‘पास’ एकदाही आला नाही, हे यंत्राच्या बाजूने नोंदवते. परंतु एका वारंवारतेसमोर बरोबरची खूण वरचेवर येत राहिली आणि काही वेळा दोन खुणा एकत्र आल्या. दोन खुणांची सिरिंज आणि तीन खुणांचे बाळ यांच्यात अंतर किती कमी आहे, हे पाहून मी त्या दिवशी अस्वस्थ झाले. संध्याकाळी पासवर्ड टाकून यंत्राच्या आतल्या मेनूत गेले, प्रत्येक वारंवारतेला किमान सहा सेकंद सक्तीचे केले आणि स्वर उणे 5 डेसिबलपेक्षा खाली असेल तर गुणोत्तर काहीही असले तरी खूण द्यायची नाही, अशी अट घातली. नवजात बाळांच्या कानाचा परतीचा आवाज मोठ्यांपेक्षा बराच जोरकस असतो, त्यामुळे निरोगी बाळांना ही अट आड येत नाही. त्यानंतर पुन्हा सिरिंजवर चाचणी घेतली, तेव्हा खुणा जवळजवळ नाहीशा झाल्या. हा मेनू यंत्रात आहे ही जमेची बाजू आहे. तो पासवर्डमागे ठेवून बाहेर ढिली सेटिंग देण्यामागे चाचणी झटपट संपते असे दाखवण्याचा हेतू असावा, असे मला वाटते.

टीईओएई या दुसऱ्या प्रकारात कानात स्वरांऐवजी फार आखूड टिकटिक सोडली जाते आणि पुढच्या 20 मिलिसेकंदांत कान काय परत करतो ते ऐकले जाते. इथे पहिला पेच असा की टिकटिकीचा स्वतःचा निनाद कानाच्या नळीत घुमत राहतो आणि तो कानाच्या उत्तरापेक्षा खूप मोठा असतो. यावरची युक्ती मला आजही सुंदर वाटते. तीन टिकटिकी सारख्या आणि चौथी तिप्पट जोराची पण उलट दिशेची अशा चौकडीत आवाज दिला जातो आणि चारही उत्तरे मिळवली जातात. नळीचा निनाद सरळ प्रमाणात वाढतो, म्हणून एक, एक, एक आणि उणे तीन यांची बेरीज शून्य होते. केशपेशींचे उत्तर मात्र जोर तिप्पट केला म्हणून तिप्पट होत नाही, ते लवकर दबते, त्यामुळे बेरजेनंतर काहीतरी शिल्लक उरते आणि तेवढे नक्की कानाचे असते. या पद्धतीत कानाच्या उत्तराचाही काही भाग वजा होतो, पण खोट्या सिग्नलपासून मिळणारे संरक्षण पाहता तो सौदा परवडतो.

चौकड्यांची उत्तरे आळीपाळीने ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन बफरमध्ये, म्हणजे स्वतंत्र कप्प्यांत, साठवली जातात. दोन्ही बफर एकमेकांशी किती जुळतात ते पुनरावृत्तीच्या टक्केवारीत दिले जाते आणि दोघांच्या वजाबाकीतून गोंगाट कळतो. 1988च्या आयएलओ-88 या यंत्रापासून ही मांडणी चालत आली आहे आणि एका चाचणीत 260 फेऱ्या घेण्याचा आकडाही तिथूनच रूढ झाला. पुनरावृत्ती 50 टक्के आली की पालकांना ती निम्म्या गुणांसारखी वाटते. तिचा खरा अर्थ असा की प्रत्येक बफरमध्ये कानाचा आवाज आणि गोंगाट बरोबरीने आहेत. 80 टक्के आली तर आवाज गोंगाटाच्या चौपट आहे. हे यंत्र दोन्ही बफरचे आलेख एकमेकांवर काढून दाखवते आणि मी टक्केवारीआधी तेच पाहते. जुळलेल्या रेषा डोळ्यांना लगेच कळतात.

नवजात बाळांसाठी यंत्रात 20 ऐवजी 12.5 मिलिसेकंदांची खिडकीही निवडता येते. कॉक्लियात उंच स्वरांची जागा प्रवेशाजवळ आणि खालच्या स्वरांची जागा आत टोकाकडे असते, त्यामुळे 4000 हर्ट्झच्या आसपासचे उत्तर पाचेक मिलिसेकंदांत येते आणि 1000 हर्ट्झचे दहा मिलिसेकंद उलटल्यावर. खिडकी आखूड केली की खालच्या स्वरांवर पाणी सोडावे लागते. पण वॉर्डात तिथे तसाही श्वासाचा आणि पंख्याचा गोंगाट माजलेला असतो. उलट सेकंदाला 50 ऐवजी 80 टिकटिकी देता येतात आणि तेवढ्याच वेळात 2 डेसिबल पदरात पडतात. मी प्रसूतिगृहात आखूड खिडकी आणि दवाखान्यात मोठ्यांसाठी पूर्ण खिडकी वापरते.

ज्यासाठी मी हे यंत्र निवडले ते वैशिष्ट्य विक्रेत्याच्या पत्रकात शेवटच्या ओळीत होते. दोन्ही बफरचे आकडे साध्या फाइलमध्ये संगणकावर उतरवता येतात. माझा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या मदतीने मी या फाइली पायथन या संगणकीय भाषेत उघडून वेव्हलेट पद्धतीने पाहू लागले. साधी एफएफटी कोणत्या वारंवारता आहेत हे सांगते, पण त्या कधी आल्या ते सांगत नाही. वेव्हलेट उंच स्वर आखूड मोजपट्टीने आणि खालचे स्वर लांब मोजपट्टीने मोजतो, आणि कानाचे उत्तर नेमके त्याच घडणीचे असल्याने ही पद्धत त्याला अंगरख्यासारखी बसते. निरोगी कानाच्या चित्रात डावीकडे वरून सुरू होऊन उजवीकडे खाली वळत जाणारी एक कमान दिसते. गोंगाटाचे ठिपके कमानीबाहेर विखुरलेले असतात. ही कमान कुठून जाणार हे आधीच ठाऊक असल्याने तिच्याबाहेरचे सगळे पुसून पुन्हा बेरीज करता येते आणि काठावरचे कितीतरी निकाल स्पष्ट होतात. इटलीत टोन्योला, ग्रांडोरी आणि रावाझानी यांनी 1990च्या दशकात आणि वॉर्सामधल्या संशोधकांनी नंतर ‘मॅचिंग परसूट’ नावाच्या पद्धतीने या दिशेने बरेच काम केले आहे. यंत्रात यातले काहीही नाही आणि मी माझ्या घरगुती चित्रांवरून कुठल्याही बाळाचा निकाल बदलत नाही. पुन्हा तपासणीला कोणाला लवकर बोलवायचे, एवढेच त्यावरून ठरवते.

याच फाइलींत मला स्वतःच्या उजव्या कानातला एक पाहुणा सापडला. रोज सकाळी यंत्र नीट चालते ना हे पाहण्यासाठी मी आधी माझाच कान तपासते. सगळी उत्तरे विरल्यानंतरही 1500 हर्ट्झच्या जवळ एक बारीक रेघ खिडकीच्या शेवटापर्यंत तशीच चालू राहते. कोणी आवाज न देताही कान आपणहून जो स्वर काढत असतो, तोच हा. तो मला कधीही ऐकू आलेला नाही. निरोगी कानांत असे स्वर पुष्कळदा आढळतात, स्त्रियांत आणि उजव्या कानात जरा अधिकच. टीईओएईच्या निकालात अशा स्वरामुळे वारंवारतेचा एखादा पट्टा फुगून दिसतो, आणि यंत्र याची काही सूचना देत नाही.

मोठ्यांच्या तपासणीत यंत्राची मर्यादा वेगळ्या ठिकाणी दिसते. गेल्या वर्षी गणेशोत्सवानंतर ढोल-ताशा पथकातला एक तरुण कानात शिटी वाजते म्हणून आला. डीपीओएईच्या आलेखात 4000 हर्ट्झवर खोल खड्डा होता. अशा खड्ड्याचा अर्थ लावण्याची घाई होते, पण तो केशपेशींच्या दुखापतीचा असेलच असे नाही. क्रिस्टोफर शेरा आणि जॉन गिनन यांनी 1999 साली मांडल्याप्रमाणे बाहेर येणारा स्वर दोन उगमांचा मिळून बनतो. एक भाग दोन स्वरांच्या भेटीच्या जागी तयार होतो आणि दुसरा आत जाऊन कॉक्लियातल्या बारीक असमानतेवरून परावर्तित होऊन येतो. दोन्ही एकमेकांना पूरक आले की शिखर आणि विरुद्ध आले की दरी बनते, आणि निरोगी कानातही या दऱ्या अगदी जवळजवळ असतात. सप्तकात दोन-तीनच बिंदू मोजणाऱ्या यंत्राचा एखादा बिंदू नेमका दरीत पडू शकतो. यावर उपाय म्हणून 2008 साली ग्लेनिस लाँग, कॅरिक टालमेज आणि जंगमी ली यांनी स्वर सलग सरकवत नेऊन, लीस्ट स्क्वेअर्स पद्धतीने त्यावर वक्र बसवण्याची रीत मांडली. त्यात उशिरा येणारा परावर्तित भाग वेळेच्या आधारे गाळता येतो. आमच्या यंत्रात ती सोय नाही. मी त्या तरुणाची चाचणी 4000 च्या आसपास हाताने जवळजवळचे बिंदू देऊन पुन्हा केली. खड्डा सगळीकडे तसाच राहिला, तेव्हा पुढच्या तपासण्या सांगितल्या.

याला जोडूनच कॅलिब्रेशनचा, म्हणजे आवाजाची पातळी नेमकी लावण्याचा, प्रश्न येतो. यंत्र कानात किती जोराचा स्वर पोहोचला हे प्रोबपाशी मोजते आणि कमी वाटला तर आवाज वाढवते. मोठ्या माणसाच्या कानात प्रोबपासून कानाचा पडदा दोन सेंटिमीटरवर असेल, तर सुमारे 4400 हर्ट्झला जाणारी आणि परतणारी लाट प्रोबपाशी एकमेकींना मारतात. यंत्राला तिथे आवाज कमी दिसतो, ते तो चढवत नेते, आणि कानाच्या पडद्यावर ठरल्यापेक्षा पंधरा-वीस डेसिबल जास्त आदळू शकतात. बाळाची नळी आखूड असल्याने हा घोटाळा वर सरकतो आणि चाचणीच्या पट्ट्याबाहेर जातो. म्हणून नवजात बाळांसाठी मला या यंत्रावर जितका विश्वास वाटतो, तितका मोठ्यांच्या उंच स्वरांसाठी वाटत नाही. महागड्या संशोधन-यंत्रांत पुढे जाणाऱ्या लाटेची पातळी वेगळी काढण्याचे गणित असते. इथे निदान एक सावधगिरीची खूण तरी द्यायला हवी होती.

यंत्राचा निकाल घरच्यांना सांगताना शब्द जपून वापरावे लागतात. मध्यंतरी एका आजींनी नातवाचा ‘पास’चा कागद हातात घेऊन विचारले, “ताई, म्हणजे आता कानाची काळजी नाही ना?” बाळाला जन्मतः तीव्र कावीळ झाली होती आणि ते आठवडाभर काचेच्या पेटीत होते. मी म्हटले, “आजी, कानातला पुढचा भाग चांगला काम करतोय. कानापासून मेंदूपर्यंतची तार या यंत्राला दिसत नाही, त्यासाठी दुसरी तपासणी करून घ्या.” श्रवणचेतेच्या अशा बिघाडात ओएई उत्तम येते आणि एबीआर येत नाही. अतिदक्षता विभागात पाच दिवसांपेक्षा जास्त राहिलेल्या बाळांची चाचणी म्हणूनच एबीआरने करायची असते. हे यंत्राच्या मागच्या बाजूला ठळक छापायला काय हरकत आहे, हे मला समजत नाही.

सेवेबद्दल फार चांगले लिहिता येत नाही. आठव्या महिन्यात प्रोबचा एक स्पीकर क्षीण झाला. ते यंत्राने सांगितले नाही, सकाळच्या माझ्याच कानाच्या आलेखात दिसले. दुरुस्तीला पाठवलेला प्रोब परत यायला पाच आठवडे लागले आणि पर्यायी प्रोब मागूनही मिळाला नाही. त्या काळात दोन प्रसूतिगृहांतल्या बाळांना मला शहरात पाठवावे लागले. एका महिन्यात तपासणी, तीन महिन्यांत निदान आणि सहा महिन्यांत उपचार या क्रमात पाच आठवड्यांची किंमत मोठी असते. सुट्या नळ्या मात्र वेळेवर मिळतात.

हे सगळे धरून पुन्हा घ्यायचे झाले तर मी हेच यंत्र घेईन, पण फाइली उतरवण्याची सोय असलेलेच. त्याची स्वस्त आवृत्ती फक्त ‘पास’ आणि ‘रेफर’ दाखवते आणि आतला मेनूही उघडू देत नाही, ती कोणी फुकट दिली तरी मी वॉर्डात नेणार नाही. सोबत दुसरा प्रोब पहिल्याच दिवशी विकत घ्यावा आणि वार्षिक कराराच्या कागदावर दुरुस्तीची मुदत लिहून घ्यावी. माझ्या यंत्राच्या पाठीवर चिकटपट्टी लावून त्यावर ‘6 सेकंद, उणे 5, वगळणी मध्यम’ असे पेनाने लिहिले आहे, कारण एकदा सॉफ्टवेअर नवे केले तेव्हा सगळ्या सेटिंग मूळ पदावर गेल्या आणि ते दोन दिवस कोणाच्या लक्षात आले नाही. सिरिंजचा कापलेला तुकडा आता यंत्राच्या पेटीतच नळ्यांच्या शेजारी असतो आणि दर सोमवारी पहिल्या बाळाच्या आधी प्रोब त्यात जातो.